फेसमावशी आणि नसलेली गळती

फेसमावशीबद्दल काय काय माहीत आहे, असं प्लंबरला कुणी विचारलं तर तो आधी टोपी काढेल, मग पुन्हा घालेल, आणि म्हणेल, "तसं काही फारसं नाही हो." हे तो विनयानं म्हणत नाही, खरंच तसं आहे. तिचं नाव त्याला कधी कळलंच नाही. वसतिगृहातल्या मुली तिला फेसमावशी म्हणायच्या, कारण धुणंघरातून बाहेर आली की तिच्या हातांना कोपरापर्यंत साबणाचा फेस असायचा. मोठी माणसं नुसतं मावशी म्हणायची. प्लंबर तिला बाई म्हणायचा आणि ती त्याला नळवाले. एवढ्यावर दोघांचं दीड वर्ष निभावलं.

तिचं लग्न झालं होतं का, हेही त्याला ठामपणे सांगता येणार नाही. एकदा ती म्हणाली होती, नवरा बोटीवर नोकरीला होता, त्याला बोट जास्त आवडली. दुसऱ्यांदा म्हणाली, लग्न केलंच नाही, पुरुषाचे कपडे धुवायचे तर पगार घेऊनच धुवीन. तिसऱ्यांदा म्हणाली, "झालं होतं हो, पण पहिल्याच धुण्यात आटला." तिन्ही वेळा तिचा चेहरा सारखाच गंभीर होता. आता यातलं खरं कुठलं हे विचारायला एक प्रकारची छाती लागते, ती प्लंबरकडे नव्हती.

खात्रीनं सांगता येतील अशा गोष्टी दोनच. ती पायात पुरुषी रबरी बूट घालायची, एक काळा आणि एक हिरवा. आणि डोळे अधू असूनही चष्मा लावायची नाही. "लावला की मळ दिसायला लागतो," असं म्हणायची. कपडे धुणाऱ्या बाईनं हे म्हणावं, याचं प्लंबरला पहिले काही दिवस नवल वाटलं.

प्लंबर तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. पंचेचाळीस वर्षं नळ दुरुस्त करूनही आपल्याला नळ दुरुस्त करता येतो यावर त्याचा पुरता विश्वास बसला नव्हता. काम आटोपून फाटकापर्यंत गेला की तो हमखास परत यायचा आणि विचारायचा, "बंद झाला ना नक्की?" जुनी गिऱ्हाइकं चहाचा दुसरा कप त्या परतीसाठीच राखून ठेवायची.

वसतिगृहातून बोलावणं आलं ते कडक उन्हाच्या दिवसांत. ज्यांचं घर काही काळापुरतं बंद पडलं आहे, अशा मुली तिथं राहायच्या. कुणाचे आईबाप आजारी, कुणाचे तुरुंगात, कुणाचे नुसतेच बेपत्ता. तिथल्या अधीक्षिकेला सगळे मॅडम म्हणायचे. बाई ठेंगणी, चपळ, गळ्यात शिट्टी, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. त्यांना तक्त्यांचा फार नाद होता. दात घासण्याचा तक्ता, नखं कापण्याचा तक्ता, आणि कुठले तक्ते कुठं लावले आहेत याचाही एक तक्ता.

"वर पाण्याची टाकी आहे, टाकीखाली मुलींची झोपायची खोली," मॅडम जिना चढता चढता म्हणाल्या. "अकरा पलंग. त्यातले चार रोज सकाळी ओले निघतात."

"रोज तेच चार?"

"एक ठरलेला. बाकीचे तीन बदलतात."

"पाणी जागा बदलतं?"

"ते तुम्ही मला सांगायचं. मी काय प्लंबर आहे?"

खोलीच्या दाराशी एक मोठा तक्ता होता. अकरा नावं, नावांपुढं सोनेरी चांदण्या, एका नावापुढं मात्र ओळीनं सात काळे ठिपके. त्यापुढचे सगळे चौकोन रिकामे, आणि वर लाल शाईत लिहिलेलं, 'गळतीमुळे मोजणी स्थगित.'

"मुलांच्या मनाच्या डॉक्टर येतात ना पंधरा दिवसांनी, त्या म्हणाल्या मुलींचं कौतुक करत जा," मॅडमनी अभिमानानं सांगितलं. "म्हणून हा तक्ता. कोरड्या पलंगाला चांदणी, ओल्या पलंगाला ठिपका."

"ठिपका म्हणजे कौतुक का?" प्लंबरनं अगदी मनापासून विचारलं.

"ठिपका म्हणजे सूचना. दहा ठिपके झाले की मुलीला विशेष संस्थेत पाठवायचं. तिथं सगळी सोय असते. लांब आहे जरा, रेल्वेनं एक दिवस." मग त्यांनी आवाज उतरवला. "ही आठ वर्षांची आहे, नवीन आलीय. आग लागून घर गेलं, आई इस्पितळात आहे. मोठी बहीण इथंच असते, तिच्या चांदण्याच चांदण्या. ही मात्र बोलत नाही, आणि रात्री हे असं. पाठवायचीच होती, तेवढ्यात ही गळती निघाली. आता पाणी मुलीचं किती आणि टाकीचं किती, कसं कळणार? तुम्ही गळती बंद करा, म्हणजे मला मोजणी चालू करता येईल."

यातलं सगळं प्लंबरनं ऐकलं, पण त्याचं डोकं पाइपात होतं. तो स्टुलावर चढला. छतावर बोटानं टकटक केलं, कान लावला, नाकानंही हुंगून पाहिलं. छत ठणठणीत कोरडं. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, त्यातला कोळीसुद्धा कोरडा. दुसरा एखादा प्लंबर "गळती नाही" म्हणून खाली उतरला असता. हा उतरला नाही. त्याला वाटलं, गळती आहेच, आपल्यालाच दिसत नाही.

दारात कमरेवर टोपली घेऊन एक उंच बाई उभी होती. "सापडली का?"

"अजून नाही."

"लवकर नाही सापडायची. फार लबाड असते ती," असं म्हणून एक काळा आणि एक हिरवा बूट वाजवत ती निघून गेली.

तीन दिवस गेले. छत कोरडंच आणि चार पलंग ओलेच. प्लंबरची झोप उडाली. शेवटी त्याला एक जुनी युक्ती आठवली. टाकीत रंग टाकायचा. गळकं पाणी जिथं उतरेल तिथं रंग उमटतो, मग पाइप कितीही लबाड असो. केकवाल्याकडून त्यानं खाण्याचा लाल रंग आणला, म्हणजे चुकून कुणी प्यायलं तरी बाधणार नाही. एक पुडी टाकली. कमी पडेल असं वाटून दुसरी टाकली. फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन तिसरी टाकली. मॅडमना त्यानं सांगितलं होतं, पण मॅडमना वाटलं, थोडा रंग म्हणजे थोडा रंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा फाटकातूनच किंकाळ्या ऐकू आल्या. दहा मुली ओळीनं उभ्या राहून दात घासत होत्या आणि तोंडातून गुलाबी फेस काढत एकमेकींना दाखवत होत्या. एकीनं "मी मेले" म्हणून जमिनीवर लोळण घेतली होती आणि दुसरी आपल्या तांब्यातलं पाणी मोठ्या आनंदानं तिच्यावर ओतत होती. तेवढ्यात मॅडम न्हाणीघरातून बाहेर आल्या. त्यांचे कान गुलाबी झाले होते.

"हा थोडा रंग?"

"माझी चूक झाली," प्लंबर म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडी कायमचं होतं.

"मी कान धुऊन वर येते. मला आज उत्तर पाहिजे."

न्हाणीघराशी सांडलेलं गुलाबी पाणी पुसून भिजलेलं फडकं हातात घेऊन प्लंबर धावतच वर गेला. वर फेसमावशी होती, आणि एका पलंगाशी ती आठ वर्षांची मुलगी, चादरीचं टोक मुठीत गच्च धरून. त्यानं पलंग पाहिले. एक गुलाबी. दुसरा गुलाबी. तिसरा गुलाबी. त्याला इतका आनंद झाला की टोपी पडली. गळती होती! मग त्यानं चौथा पाहिला. मुलीजवळचा. तो ओला होता, पण गुलाबी नव्हता.

प्लंबर सावकाश विचार करणारा माणूस. त्यानं पुन्हा पहिल्या पलंगाकडं पाहिलं. गळतं पाणी एका जागी ठिबकतं, गोल डाग पडतो. इथं तर बारीक बारीक थेंब चौफेर उडाले होते, इस्त्रीच्या आधी कपड्यावर पाणी शिंपडतात तसे. त्यानं फेसमावशीच्या हाताकडं पाहिलं. हातात भोकांच्या झाकणाचा डबा होता. पहाटे अंधूक उजेडात, चष्म्याशिवाय, तिनं तो नळावर भरला होता. पाणी कुठल्या रंगाचं आहे ते तिला दिसलंच नव्हतं.

जिन्यावर मॅडमची पावलं वाजली.

फेसमावशीनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं. मुलगी कुणाकडंच पाहत नव्हती. तेव्हा कुठं प्लंबरच्या डोक्यात सात ठिपके, दहा ठिपके आणि एक दिवसाची रेल्वे एकदम शिरली.

त्यानं हातातलं फडकं चौथ्या पलंगावर धरलं आणि पिळलं.

मॅडम आत आल्या तेव्हा चार पलंग गुलाबी होते, आणि प्लंबर व फेसमावशी दोघंही मोठ्या लक्षानं छताकडं बघत होते.

"आहे," प्लंबर म्हणाला. "गळती आहे. चार ठिकाणी." त्याचा आवाज चिरकला. पंचेचाळीस वर्षांत धंद्यातलं पहिलं खोटं तो बोलला होता, आणि घामाघूम झाला होता.

"दुरुस्तीला किती दिवस?"

"तसं... सांगता येत नाही."

"बरेच," फेसमावशी म्हणाली.

नंतर धुणंघरात तिनं त्याला साबणाच्या खोक्यावर बसवलं आणि चहा दिला. चहाही गुलाबीच होता.

"बाई, हे बरं नाही झालं."

"कुठलं? फडकं पिळलं ते की तीन पुड्या टाकल्या ते? माझ्या बावीस चादरी गुलाबी झाल्यात, नळवाले."

"माझी चूक झाली."

"एवढीच झाली. बाकी बरं झालं." ती चादर पिळत राहिली. "ती मोठी आहे ना, चौदा वर्षांची, ती पहाटे चारला उठून गार पाण्यात बहिणीची चादर धुवायची. मला सापडली तेव्हा साबण असा लावत होती, पावाला लोणी लावतात तसा. आणि वर मलाच म्हणते, 'ही आमची खासगी बाब आहे.' वकीलबाईच ती! शाळेत बाकावर झोपते म्हणून बोलणी खाते, पण धाकटीचं नाव सांगत नाही. म्हटलं, मोजायचंच आहे ना, मग सगळंच ओलं करून टाकू. बघू कोण मोजतंय."

"मॅडमना सरळ सांगून..."

"सांगितलं हो. त्यांनी मावशींच्या सूचनांचा तक्ता केला."

प्लंबरनं कप खाली ठेवला. "मग मी किती दिवस दुरुस्त करायचं?"

"ती कोरडी होईपर्यंत."

"आणि नाही झाली तर?"

"आजवर कुठली चादर वाळायची राहिलीय?"

आणि मग नसलेली गळती दुरुस्त करण्याचं काम सुरू झालं. खऱ्या गळतीपेक्षा ते फार अवघड निघालं, कारण खरी गळती कुठंतरी संपते. प्लंबर सोमवारी पाइपाचा एक तुकडा काढायचा, मंगळवारी पुसायचा, बुधवारी तोच परत बसवायचा. गुरुवारी स्टुलावर उभा राहून नुसता ऐकायचा. मॅडम विचारायच्या, "अजून झालं नाही?"

"वय झालंय हो."

"पाइपाचं की तुमचं?"

"दोघांचंही."

त्या धाकटीला फेसमावशीनं रेडिओ असं नाव ठेवलं होतं. मुली म्हणाल्या, "मावशी, ती तर बोलतच नाही." फेसमावशी म्हणाली, "बंद आहे, बिघडलेला नाही." शाळेतून आली की रेडिओ धुणंघरात यायची. फेसमावशी तिला आगीबद्दल काही विचारायची नाही, आईबद्दलही नाही. तिनं तिच्या हातात कपडे धोपटायचं लाकडी धोपाटणं दिलं आणि म्हणाली, "हाण." पहिले दोन दिवस रेडिओनं ते नुसतं धरलं. तिसऱ्या दिवशी चादरीला हळूच टेकवलं. आठवड्यानं एक दिवस तिनं ते असं काही चालवलं की भिंतीवर पाणी उडालं. मारता मारता ती रडायला लागली आणि रडता रडता मारायला लागली. प्लंबर घाबरून उठला. फेसमावशीनं त्याला डोळ्यांनीच बसवलं आणि शेजारी कपडे खळबळत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "या बाजूला राहिलंय बघ." रेडिओनं नाक पुसलं आणि ती बाजूही धोपटली.

पाचव्या आठवड्यात प्लंबर स्टुलावर चढून पाइप बसवत होता. खालून आवाज आला, "हा तोच आहे."

तो पडता पडता वाचला. खाली रेडिओ उभी होती.

"कोण?"

"पाइप. काल काढला तोच."

"हो," प्लंबर म्हणाला. खोटं बोलायची सवय अजून पुरती लागली नव्हती.

"मग काढला कशाला?"

"जरा मोकळं वाटावं म्हणून."

"त्याला?"

"हं. त्याला."

तिनं विचार केला, मान हलवली आणि निघून गेली. प्लंबर टोपी हातात घेऊन धुणंघरात पळाला. "बाई, रेडिओ लागला!"

"काय म्हणाला?"

"माझी चोरी पकडली."

फेसमावशी मटकन खोक्यावर बसली आणि इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. ते पुसायला तिनं फेसाचेच हात वापरले. त्यामुळं नंतरचं पाणी हसण्याचं होतं की साबणाचं की आणखी कशाचं, ते प्लंबरला कळलं नाही.

वकीलबाई आता पहाटे उठत नव्हती. घंटा होईपर्यंत घोरत होती. एक दिवस मॅडम तक्रार घेऊन आल्या. ती आरशापुढं उभं राहण्यावरून दुसऱ्या मुलीशी अर्धा तास भांडली होती, आधी कधी असं करत नसे. फेसमावशीचा चेहरा उजळला. "चौदाव्या वर्षी आरशासाठी नाही भांडायचं तर काय चादरी धुवायच्या?" असं म्हणून तिनं त्या दिवशी वकीलबाईचे कपडे स्वतः इस्त्री करून दिले. वकीलबाई म्हणाली, "याचा मोबदला म्हणून माझ्याकडून काही अपेक्षा असेल तर आधीच सांगा." "आहे ना," फेसमावशी म्हणाली, "आता इथून चालती हो आणि खेळ."

हळूहळू चौथा पलंग कधी दोन दिवस कोरडा राहू लागला, कधी चार. त्या हिशेबानं फेसमावशी बाकीचे पलंगही कमी शिंपडू लागली. "गळती आटोक्यात येतेय," प्लंबर मॅडमना सांगायचा. नवव्या आठवड्याच्या शेवटी ओळीनं बारा दिवस कोरडे गेले. प्लंबरला वाटलं, आपण खरंच चांगलं काम केलं. मग आपण काहीच केलेलं नाही हे आठवून तो ओशाळला.

पण दहाव्या आठवड्यात मॅडमच्या वरिष्ठांनी विचारणा केली की एका पाइपाला इतके दिवस का. मॅडमनी यंत्रवाला बोलावला. पंचविशीतला पोरगा, कानांना यंत्र लावून भिंतीच्या आतलं पाणी ऐकणारा. आणि नेमकं आदल्या दिवशी इस्पितळातून निरोप आला की आईचं आणखी एक ऑपरेशन ठरलंय, एवढ्यात भेट होणार नाही. सकाळी रेडिओचा पलंग ओला होता.

फेसमावशीनं घाईघाईत शेजारचा पलंग शिंपडला. तो वकीलबाईचा होता. यंत्रवाला येणार हे ऐकून वकीलबाईचा धीर सुटला आणि ओल लपवायला तिनं आपल्या पलंगावर घोंगडी ओढून घेतली. रेडिओच्या पलंगावर ओढायला दुसरी घोंगडी शोधतच होती, तोवर सगळे वर पोचले.

यंत्रवाल्यानं छताला यंत्र लावलं, भिंतींना लावलं, मग कानांवरून काढून गळ्यात अडकवलं. "आजोबा, इथं गळती नाही. कधी नव्हतीच. हा पाइप नव्यासारखा आहे."

"पुसलाय मी तो," प्लंबर पुटपुटला.

मॅडमनी रेडिओच्या पलंगाकडं पाहिलं, मग प्लंबरकडं. "तुम्ही तर म्हणाला होता, चार ठिकाणी."

आपल्याला काही येत नाही हे एक दिवस उघडं पडणार, ही भीती तो पंचेचाळीस वर्षं बाळगून होता. तो दिवस आला होता, आणि आता तर ते खरंही नव्हतं. "माझी चूक झाली," तो म्हणाला.

"दहा आठवडे?"

"मोठी चूक झाली."

"त्यांची नाही चूक," फेसमावशी पुढं झाली. "पाणी मी शिंपडायची. रोज तीन पलंग. ठिपके द्यायचे तर माझ्या नावापुढं द्या, मॅडम."

"का पण?"

"मोजता येऊ नये म्हणून."

मॅडमचा चेहरा लाल झाला, पांढरा झाला. मग त्यांनी बगलेतल्या फायलीतून बदलीचा फॉर्म काढला. "मला हे आवडतं असं समजू नका. पण नियम आहे." वकीलबाईनं तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला मुद्दा सुचला नाही. ती बहिणीला घट्ट धरून उभी राहिली. मॅडमनी फॉर्म भरायला पेन काढलं, जवळच्या घोंगडी घातलेल्या पलंगावर टेकल्या, फॉर्म शेजारी ठेवला आणि तारीख घातली.

मग त्या थबकल्या. सावकाश उठल्या. इस्त्रीच्या कपड्यांवर मागं ताटाएवढा ओला डाग होता.

यंत्रवाल्यानं यंत्र पुन्हा कानांना लावलं आणि हसू लपवायला भिंतीकडं तोंड केलं. रेडिओ बहिणीच्या हातातून सुटून पुढं आली आणि मॅडमच्या मागं जाऊन नीट पाहून आली.

"मॅडम, तुमचंपण झालं?"

मॅडमनी हात मागं नेऊन कपडा चाचपला.

"काही होत नाही," रेडिओ हलक्या आवाजात म्हणाली, अगदी मोठ्या माणसानं सांगावं तसं. "मावशींकडं जा. त्या कुणाला सांगत नाहीत."

मॅडम तशाच उभ्या होत्या. गळ्यातली शिट्टी एका हातानं घट्ट धरलेली. मग त्या म्हणाल्या, "मावशी, जरा येता?" आणि दोघी खाली गेल्या.

परत आल्या तेव्हा मॅडमच्या अंगावर फेसमावशीचा निळा झगा होता. तो त्यांना इतका लांब होता की जिना चढताना त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला होता. मुलींनी ओठ चावून धरले. मॅडमनी पलंगावरचा फॉर्म उचलला. शाई पसरून तारखेचं तळं झालं होतं.

"हा पाठवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ओल्या कागदावर सही उठत नाही."

"दुसरा आहे का?" प्लंबरनं विचारलं. मदत करायची म्हणून. फेसमावशीनं त्याच्या पायावर हिरवा बूट ठेवला.

"दुसरा मागवावा लागतो. मागवायचा एक अर्ज असतो." मॅडमनी झगा सावरला. "तो अर्जही संपलाय बहुतेक. मी शोधणार नाही." आणि त्यांनी शिट्टी वाजवली. "उभ्या काय राहिलात? शाळेला उशीर होतोय!"

दुसऱ्या दिवशी दाराशेजारचा तक्ता नव्हता. भिंतीला चार भोकं होती, ती प्लंबरनं बुजवली. ते मात्र त्यानं पहिल्या खेपेत नीट केलं. दहा आठवडे कोरडा पाइप दुरुस्त करणारा म्हातारा म्हणून गावभर त्याचं हसं झालं, काही गिऱ्हाइकं यंत्रवाल्याकडं गेली. ज्या नाचक्कीला तो जन्मभर भीत आला ती येऊन गेली, आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली, याचंच त्याला जरा चमत्कारिक वाटलं.

रेडिओची चादर त्यानंतरही बऱ्याचदा ओली झाली. मग एका दिवसापासून होईनाशी झाली. तो दिवस कुठला, ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण कुणी मोजत नव्हतं. पुढं आई बरी झाली, काठी टेकत आली आणि दोघींना घेऊन गेली. निघताना रेडिओ इतकी बोलत होती की वकीलबाईनं तिला दोनदा गप्प बस म्हणून सांगितलं.

फेसमावशी त्यानंतर फार दिवस तिथं नव्हती. एकदा प्लंबर गेला तर धुणंघरात दुसरीच बाई होती, चष्मा लावलेली. मॅडम म्हणाल्या, "गेल्या त्या." कुठं, हे विचारायचं प्लंबरच्या ओठांवर आलं होतं. तो फाटकापर्यंत गेला आणि त्यासाठी परतही आला, पण विचारलं भलतंच, वरचा नळ बंद होतो ना नीट. आपण तिचे कोण लागतो, असं त्याला वाटलं.

त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते या फेरीच्या दोन दिवस आधी. प्लंबरनं धुणंघरातल्या नळाचा वायसर बदलला होता आणि तो पिशवी आवरत होता.

"झालं?" फेसमावशीनं विचारलं.

"झालं. फार आवळू नका. हलक्या हातानं बंद होतो."

"हलका हात कुठून आणू?"

"मग जरा बेतानं."

"बरं. परत कधी येताय?"

"परवा येईन."

"येताना पिवळा साबण आणा. निळा नको, हात फुटतात."

"आणि पिवळा नाही मिळाला तर?"

"तर काय, तसेच या."